मामांचा उलटा हात

आमच्या मामांनी आयुष्यात माणसांपेक्षा तारांचीच विचारपूस जास्त केली, हे मी छातीठोकपणे सांगतो. कोयनानगरला वायरमन म्हणून उभा जन्म गेला. कुणाच्याही घरी गेले, की पाण्याच्या तांब्याआधी स्वारी भिंतीवरच्या वायरकडे! ताप बघावा तसा उलटा हात लावायचा आणि निदान सांगायचं, "तापलीय रं. वीज वाटंतच जळतीय." माझ्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली, नवरदेवामागे मामा हवा, आणि मामा कुठे? तर मांडवाच्या वायरी चाचपत जनरेटरपाशी!

तारेनं तापावं याचा त्यांना मनापासून राग. निवृत्तीनंतर मोबाईलवर त्यांना अतिवाहक, म्हणजे सुपरकंडक्टर, सापडला आणि मामीच्या भाकऱ्या ताटात गार व्हायला लागल्या. "आपलं तांबं कितीबी गार कर, थोडं तरी अडवतंच. ह्यो गडी ठरावीक गारठ्याखाली गेला की अडवायचंच इसरतो! येकदा सोडलेला करंट फिरतच ऱ्हातो, तापायचं नाव न्हाई!" दूधवाल्याचीही यातून सुटका नव्हती.

गेल्या थंडीत साताऱ्याला आमच्याकडे आले आणि गिझरच्या वायरला हात लावून म्हणाले, "गार हाय." घरभर तर जळका वास! मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. मामांच्या बोटांना फोड आले होते आणि त्यांना पत्ताच नव्हता. हात केव्हाच बधिर झालेला, आणि या माणसानं मामीलाही सांगितलं नव्हतं. राग आला आणि वाईटही वाटलं.

सांगलीला एमआरआय ठरला. आम्ही घाबरलेलो, आणि मामांनी तिथल्या मुलीला गाठलं, "आत अतिवाहकाचीच गुंडाळी न्हवं?"

ती हसली. "होय काका. द्रव हेलियममध्ये बुडवलीय. मशीन बसवताना सोडलेला करंट अजून फिरतोय."

मामा देवळात शिरावं तसे आत गेले.

मानेतली नस दबली होती. ऑपरेशन करू, पण हाताची गेलेली जाणीव परत येईलच असं नाही, डॉक्टर म्हणाले.

परतताना मी गाडी चालवत होतो, मागे मामा-मामी. मामांचं त्या गुंडाळीचं कौतुक संपत नव्हतं. पेठनाका आला तेव्हा बोलता बोलता त्यांची नजर खाली गेली.

"हात धरलाईस व्हय माझा?"

"व्हय."

"कवापास्नं गं?"

"आवं, सांगलीपास्नं."

आरशात दिसलं, मामांनी दुसरा हात उलटा करून मामीच्या हाताला लावला आणि कराड येईपर्यंत तिथंच ठेवला.