मामाची पौषातली बुडी

माझ्या मामाइतका पाण्याखाली सुखी आणि पाण्याबाहेर अवघडलेला माणूस साऱ्या मावळात दुसरा झाला नाही. हे मी भाचा म्हणून सांगत नाही. आंदर मावळात कुठल्याही वस्तीवर जाऊन नुसतं 'तो बुडी मारणारा' म्हणा, लोक माझ्या आजोळच्या वाटेकडे बोट दाखवतील आणि वर विचारतील, "कोरडा हाय का भिजल्याला, बघून सांगा."

आजोळ म्हणजे डोंगराच्या कुशीतली दहा-पाच घरं. आजी लग्न होऊन आली तेव्हा ही घरं खाली नदीकाठी होती. भाताची खाचरं होती, दारात पाणी होतं. मग धरण झालं. पाणी चढत आलं तशी माणसं दारं, वासे, चुलीचे दगडसुद्धा डोक्यावर घेऊन वरच्या खडकाळ माळावर येऊन बसली. तिथे भात होईना. नाचणी आणि वरई व्हायची, तीही रानडुकरांनी ठेवली तर. आजी लाकडाची मोळी घेऊन डोंगर उतरायची, लोणावळ्याच्या बाजारात विकून दिवेलागणीला परत चढायची. माझी आई लहानपणी करवंदांची पाटी घेऊन तिच्या मागे. एकच धड लुगडं होतं, बाजाराला जाईल तिने ते नेसायचं. मामाचा जन्म या माळावरचा, म्हणजे खालचं घर त्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्या घरातल्या लेकीचा मी मुलगा, आणि आईकडचं-वडलांकडचं मिळून कॉलेजची पायरी चढलेला पहिला. हे मी अभिमानाने सांगतो, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही.

सगळं वर आणलं, पण वाघजाई खालीच राहिली. तिला हलवायचं तर तिचा कौल हवा. लोकांनी तिच्या अंगाला तांदळाचे दाणे चिकटवून कौल लावला, उजवा दाणा पडला तर येते, डावा पडला तर येत नाही. डावा पडला. पुन्हा लावला, पुन्हा डावा. पाणी देवळीच्या पायरीला लागेपर्यंत लोक कौल लावत होते आणि देवी नाही म्हणत होती. शेवटी तिला तिथेच ठेवून, रडत, माणसं वर आली. पुढे दर पौषातल्या पुनवेला सगळी वस्ती काठावर जमून ओटी पाण्यात सोडू लागली. खण भिजून बुडायचा. नारळ मात्र तरंगत काठाला परत यायचा. जाणत्यांनी ठरवलं की देवी प्रसाद परत देते. पोरं तो फोडून खात.

मामा सोळा-सतरा वर्षांचा झाला आणि म्हणाला, "मी खाली नेऊन दितो." वस्तीत आबा म्हणून सर्वांत वडील गृहस्थ होते. त्यांनी काठावर उभं राहून काठीने समोरच्या सुळक्याशी रेघ धरली, होडी अमुक ठिकाणी न्या म्हणून सांगितलं, आणि मामाने ओटीला धोंडा बांधून बुडी मारली. बराच वेळ गेला. मग मामा वर आला आणि म्हणाला, "पावली." खाली एक मोठा दगड आहे, हाताला गुळगुळीत लागतो, आणि देवीची बेंबीही लागली, वाटीएवढी, तिच्यात शेंदूर भरून आलो. सगळी वस्ती पाण्याकडे तोंड करून आडवी झाली.

त्या दिवसापासून मामाचा जन्म बुडीसाठी झाला. लोणावळ्यात एका बंगल्यावर तो माळीकाम करी. इतर गडी गौरी-गणपतीला, शिमग्याला रजा मागत. मामा मागायचा पौषात, हाडं गारठवणाऱ्या थंडीत. पावसाळ्याचा गाळ तेव्हा बसलेला असतो आणि पाणी नितळ होतं, एवढंच त्याचं कारण. पण तयारी दसऱ्यापासून. वाल नाही, बेसन नाही, कारण पोटात वारा नको. आणि दम धरण्याचा सराव. हा सराव तो कुठेही करी. कामशेतच्या एसटीत खिंड लागली की दम धरायचा आणि खिंड संपेपर्यंत सोडायचा नाही. एका कंडक्टरने त्याचा चेहरा पाहून गाडी थांबवली होती. स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरल्यावर मंगलाष्टकं लांबली, तर याने त्यातही दम धरून पाहिला. मामी अजून सांगते, "अंतरपाट काढला तं नवरा निळा. म्या म्हनलं, ह्यो काय टिकत न्हाई." सगळ्यांत गंमत म्हणजे समोरचा माणूस गाऱ्हाणं सांगू लागला की मामा दम धरून बसे. डोळे स्थिर, ओठ मिटलेले. लोकांना वाटे, काय मन लावून ऐकतो. भाऊबंदकीची भांडणं त्याच्याकडे येऊ लागली. तो एक शब्द बोलत नसे आणि शेवटी खोल निःश्वास टाकी, त्या निःश्वासाने माणसं समजूत पटून उठून जात.

मामी काही कमी नव्हती. घरात कालवणाला काही नसलं की म्हणायची, "द्येवानं मासा करून पाठवला असता तं येक दिस कालवन तरी झालं असतं. ह्ये काय, ना तळायचं ना मुरवायचं."

पण या सगळ्यात एक गोष्ट थट्टेची नव्हती. दरवर्षी मामा पाण्यातून आला की सगळे देवीचं विचारत. आजी एकटी वेगळं विचारायची. घोंगडी पांघरून काठावर बसलेली असायची, आणि माणसं पांगली की हळूच म्हणायची, "घराचं काई दिसलं का रं?" मामा म्हणायचा, "न्हाई आये. पान्यात समदं धुरकट दिसतंय." ती मान हलवायची. मग कधीतरी धुणं धुताना तिला ते घर आठवायचं. नव्या नवरीचे दिवस, दारातला धुण्याचा दगड, आणि त्याच्या उजव्या अंगाला आजोबांनी तिच्या रिठ्यांसाठी छिन्नीने कोरलेली वाटी. आजोबांनी आयुष्यात तिला दिलेलं ते एकच कौतुक. तेही पाण्यात गेलं. मामाला ते घर तिला दाखवता येत नव्हतं, आणि वर्षागणिक ती वाकत चालली होती.

मी पुण्याला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना बंगल्यावर मालकांचे जावई राहायला आले. बोटीवर इंजिनियर होते. नाताळच्या सुट्टीत मी मामाकडे बंगल्यावर गेलो होतो, तर हे दोघे बागेत बसून पाण्याच्या गोष्टी करत होते. जावई सांगत होते, वेस्ट इंडीजच्या बाजूला एक बेट आहे, त्यांची बोट तिथे थांबली होती. मला वेस्ट इंडीज म्हणजे हॉस्टेलच्या रेडिओवरचं क्रिकेट, एवढंच ठाऊक. तिथे म्हणे हिवाळ्यात थंड देशांतले लोक मुद्दाम सुट्टी काढून येतात आणि समुद्रात बुड्या मारतात.

मामा ताठ बसला. "म्हंजी आमच्यावानीच पौषात?"

"साधारण तेव्हाच. पाठीवर हवेचं नळकांडं बांधतात, तोंडात नळी धरतात. अर्धा-पाऊण तास खाली राहतात."

"भाकर बांधून न्यावी तशी हवा बांधून नेत्यात," मामा माझ्याकडे वळून म्हणाला. त्याच्या आवाजात असा आदर मी पूर्वी ऐकला नव्हता. "आन् खाली द्येव कंचा हाय त्यांचा?"

"देव नाही हो. रंगीत मासे असतात, प्रवाळ असतं. नुसतं बघायला जातात."

"नुसतं बघायला," मामा म्हणाला. मग बराच वेळ गप्प बसला. या वेळी तो दम धरत नव्हता, कारण मध्येच पुन्हा म्हणाला, "बघून काय करत्यात?"

"काही नाही. वर येतात आणि एकमेकांना सांगतात."

निघताना जावयांनी आपला डोळ्यांवर आणि नाकावर बसणारा काचेचा मुखवटा मामाला दिला. काचेवर वाफ धरू नये म्हणून आत थुंकून चोळायचं, असंही सांगितलं. मामाला रात्रभर तेवढं एकच खटकत राहिलं. "सायेब देवमानूस हाय, पन थुकून द्येवीम्होरं कसं जायाचं?" सकाळी त्याने वृंदावनातली तुळशीची पानं खुडली आणि ती काचेला चोळली. तुळशीनेही वाफ धरत नाही, हे त्या बेटावर कुणाला माहीत असेल असं वाटत नाही.

पुनवेसाठी मीही थांबलो. होडी रेघेवर लागली. मामाने मुखवटा चढवला तेव्हा पोरं घाबरून मागे सरली. ओटी घेऊन तो खाली गेला. वर आला तेव्हा 'पावली' म्हणाला नाही. होडीच्या काठाला हात लावून नुसता लोंबत राहिला. ओटी अजून त्याच्या हातातच होती.

"बोल की रं," आबा काठावरून म्हणाले.

मामा पोहत काठाला आला. थंडीने दातखीळ बसायची वेळ, पण तो घोंगडीपाशी जाऊन बसला आणि आजीला म्हणाला, "आये, रिठ्याची वाटी कंच्या अंगाला व्हती?"

"उजव्या," आजी म्हणाली. "का रं?"

"शेंदूर तिच्यातच हाय. म्या इतकी वर्सं तुझ्या धुन्याच्या दगडाची ओटी भरली."

मामाने मान खाली घातली. त्या दगडाला लोकांनी नवस बोलले होते, लेकीबाळींची लग्नं त्याला विचारून झाली होती. वस्तीने त्याच्या एका शब्दावर इतकी वर्षं डोकं टेकलं होतं. आबांनी काठी दोनदा जमिनीवर आपटली. त्यांचा नातू नवसाचा होता.

"म्हंजी माझा नातू धुन्याच्या दगडाचा म्हन की," आबा म्हणाले.

"म्हून तं येवढा गोरा हाय," मामी मागून म्हणाली.

पहिल्यांदा आबाच हसले, मग सगळे. आजी हसली नाही. तिने मामाच्या ओल्या दंडाला धरलं होतं. "दगड हाय म्हंजी दार तितंच," ती म्हणाली. "उंबरा हाय का?"

"म्या तं द्येवीला गेलतो आये. उंबरा बघितला न्हाई."

"मंग बघ की."

"पन ओटी? आन् वाघजाई कुटं गेली?" आबांनी विचारलं.

आजी म्हणाली, "कुटं जातीया. इतकी वर्सं माझ्या दारात येऊन जेवली, आजचा दिस आनिक जेवंल. जा रं तू."

मामा पुन्हा पाण्यात उतरला. पहिल्या खेपेला ओटी दगडावर ठेवली, पुढे हातात काही नव्हतं. तो खाली गेला, वर आला, पुन्हा गेला. आम्ही काठावर उभे राहून पाण्यावरची वलयं बघत होतो. एका वेळी तो इतका वेळ खाली राहिला की मामीने पदर तोंडात धरला. त्या माणसाला इतकी वर्षं मी गमतीने पाहत आलो होतो. त्या दिवशी मला त्याच्याकडे बघताना हसू आलं नाही, भीतीही वाटली नाही. देवळात गाभाऱ्यासमोर उभं राहिल्यावर वाटतं तसं काहीतरी वाटलं.

शेवटी तो आला, शेकोटीपाशी बसला, आणि थरथरत्या ओठांनी आपल्या आईला तिचं घर सांगू लागला. भिंती विरघळून गेल्यात, पण जोत्याचे दगड आहेत. उंबरा जागेवर आहे. उखळ गाळानं भरलंय, त्यात एक मासा राहतो, हात घातला तरी हलत नाही. गोठ्याच्या दावणीचा दगड आहे. आंब्याचा बुंधा उभा आहे, काळा.

"आन् आतनं मागल्या परड्यात निघायची वाट?"

"तितं दोन पायऱ्या हायेत."

"तीन," आजी म्हणाली. "येक गाळात असंल."

संध्याकाळपर्यंत ती विचारत राहिली आणि तो सांगत राहिला. जे घर त्याने कधी पाहिलं नव्हतं आणि तिने पुन्हा पाहिलं नाही, त्यातून ती दोघं जण खोली-खोलीने हिंडत होती.

पुढच्या पौषात मामाला वाघजाई सापडली, दगडापासून थोडी वरच्या अंगाला, देवळीच्या कमानीखाली. आबांनी धरलेली रेघ तेवढी चुकली होती. आबा म्हणाले, सुळकाच सरकला असेल. तेव्हापासून मामा दोन बुड्या मारू लागला. पहिली ओटीची. दुसरी कशाची म्हणून विचारलं की तो म्हणायचा, "ती नुसती बघायची."

मी पदवीधर झालो, नोकरीला लागलो, पुण्यात घर केलं. मुखवट्याचं रबर चिरलं, तेव्हा मामाने सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून घेतली. आजी गेली त्या वर्षीच्या पुनवेला मी मुद्दाम रजा काढून गेलो. मामाचे केस पांढरे झाले होते आणि मामी त्याला पाण्यात जाऊ देत नव्हती. तिचं ऐकून त्याने मान डोलावली आणि दम धरला. मग उठला. पहिल्या बुडीत ओटी दिली. दुसरीला त्याने फडक्यात बांधलेलं काहीतरी बरोबर नेलं. वर आल्यावर तो मला म्हणाला, "आयेचे रिठे व्हते घरात. वाटीत ठिवून आलो."

आमच्या घराण्यात शिकून बाहेर पडलेला पहिला माणूस मी. पण आपल्या घरी परत जाऊन आलेला एकच, आमचा मामा.