काकांची अठरा पौंडी स्प्रिंग

आमच्या काकांच्या घरात शिरायला पैलवानच हवा. न्हाणीघरापासून दिवाणखान्यापर्यंत प्रत्येक दाराला त्यांनी स्वतः स्प्रिंग बसवलीय, आणि तीही इतकी जड की काकू चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येते ती खांद्याने दार रेटत. लग्न झाल्यापासून. पाहुण्याच्या पाठीत दार बसलं की काका खुशीत म्हणतात, "बघा, कसं घट्ट लागतं!"

नेमबाजीच्या क्लबात ते पिस्तुलं दुरुस्त करतात. तिथे सगळे त्यांना मास्तर म्हणतात आणि त्यांच्याशी वाद घालत नाहीत. गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा भाग मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, आणि आतली स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे आणते. ती किती पौंडाची घालायची, हे काका डोळे मिटून सांगतात. अठरा. कुणाचंही पिस्तूल असो, अठरा.

रविवारी माझी निवड चाचणी होती. आधी दोनदा हुकलेली, आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटची. नेमकं माझं पिस्तूल दर चौथ्या गोळीला अडकत होतं.

"मनगट ढिलं सोडतेस तू," काका म्हणाले.

"काका, स्प्रिंग जड होतेय. माझ्या गोळ्या हलक्या आहेत."

"मग तीस वर्षं इथे काय गवत उपटतोय मी?"

खरं सांगते, त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला होता.

क्लबातल्या पुंगळ्या झाडून गोळा करायचं काम सफाईवाल्या मावशींचं. शनिवारी दुपारी त्या झाडू टेकवून उभ्या राहिल्या. "मास्तर, सगळ्यांच्या पुंगळ्या त्या खांबापाशी पडतात. पोरीच्या तेवढ्या तिच्याच बुटांवर. बाहेर पडायला जोरच पुरत नाही त्यांना. रोज वाकते मी, मला कळतं."

काका लालबुंद झाले. मग त्यांनी माझ्या बुटाजवळची पुंगळी उचलली, उलटसुलट पाहिली आणि कपाटाकडे गेले. सोळाची स्प्रिंग घातली, पुंगळ्या दोन पावलांवर पडल्या. चौदाची घातली. मावशींनी खांबापाशी टोपली नेऊन ठेवली. पन्नास गोळ्या झाडल्या, एकही अडकली नाही. निम्म्या पुंगळ्या तर टोपलीतच.

"जड घातली की तुला धक्का कमी बसेल, असं वाटलं," काका टोपलीकडे बघत पुटपुटले. "लहानपणी मनगट मोडलं होतं ना तुझं."

आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

रविवारी माझी निवड झाली. संध्याकाळी सगळे काकांकडे जमलो. काकूने सवयीप्रमाणे ट्रे धरला, दाराला खांदा लावला आणि होता नव्हता तो जोर दिला. दार फटकन उघडलं. काकू, ट्रे आणि सहा कप थेट दिवाणखान्यात.

"बदललीत तर सांगायचं तरी!" काकू पडल्या पडल्या ओरडली.

काका गुडघ्यांवर बसून कपांचे तुकडे वेचायला लागले. वर न बघता त्यांनी विचारलं, "धक्का जास्त नाही ना बसला?"