हरलेल्या जोडीचा झेंडा

"मॅच किती वेळ चालते?" आदल्या संध्याकाळी मी मुलीला विचारलं.

"सांगता येत नाही, बाबा. घड्याळ नसतंच. एकवीस पॉइंटचे दोन सेट. एकेक जिंकला तर तिसरा, पंधराचा."

असली उत्तरं मला चालत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं काढलेला माणूस मी, कामाला तास लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. इंटरनेटवर शोधलं. बीच व्हॉलीबॉलची मॅच साधारण पाऊण तास ते तासभर. मी तासच धरला. तिची मॅच शनिवारी दहाला, माझा ओसाकाच्या क्लायंटबरोबर कॉल साडेनऊला. सव्वादहाला सुटलो तरी सायकलने पावणेअकराला पोहोचणार, म्हणजे शेवटचा सेट नक्की सापडणार.

तीन वर्षं ती खेळत होती आणि मी तिची एकही मॅच पाहिली नव्हती. पुढच्या महिन्यात आम्ही जपानमधलं एदोगावाचं घर सोडून कायमचे पुण्याला परतणार होतो, आणि पुण्यात वाळू कुठून आणणार? ही तिची शेवटची मॅच होती. येतो म्हणून मी शब्द दिला होता.

पावणेअकराच्या ठोक्याला गेटातून आत शिरलो. खेळत होत्या दुसऱ्याच मुली. ही कोर्टच्या कोपऱ्यात लाल झेंडा घेऊन उभी. म्हणजे आधीची मॅच लांबलीय, हिची व्हायचीय. स्वतःच्या हिशोबावर खूश होत मी पायरीवर बसलो आणि हात केला. तिने पाहिलं, पण हात हलवला नाही.

थोड्या वेळाने तिच्या जोडीदारणीची आई शेजारी येऊन बसली. मी माझ्या मोडक्या जपानीत विचारलं, यांची मॅच कधी? ती अवघडली. संपली, म्हणाली. दोन सेटमध्येच हरल्या, जेमतेम अर्धा तास लागला. इथे जोडीला दिवसाला एकच मॅच; जिंकलेली घरी जाते, हरलेल्या जोडीने थांबून पुढच्या मॅचला झेंडा घेऊन लाइन पाहायची असते.

मॅचच्या दिवशी कित्येकदा ही सांगितलेल्या वेळेपेक्षा तास-दीड तास उशिरा यायची आणि मी दारातच करवादायचो. ती कधी काही बोलली नाही. उशीर झाला म्हणजे हरली, एवढं साधं मला तीन वर्षांत कळलं नव्हतं.

मी तिथेच बसून राहिलो. बैल गेला आणि झोपा केला. ती परकी मॅच तिसऱ्या सेटपर्यंत गेली, चांगली तासाच्या वर चालली. चेंडू बाहेर पडला की हिचा झेंडा वर, आत पडला की खाली. उन्हात डोळे बारीक करून ती नीट पाहत होती. मला स्वतःची लाज वाटत होती.

मॅच संपल्यावर हिने आणि तिच्या जोडीदारणीने फावड्याने वाळू सारखी केली, कोर्टला वाकून नमस्कार केला. मग ती माझ्याकडे आली.

"सॉरी," मी म्हणालो. "मी तास धरला होता."

ती पायांची वाळू झटकत राहिली. "टॉस आम्ही जिंकलो होतो," म्हणाली. "मी उन्हाची बाजू घेतली. तिथून गेट दिसतं."

मी वळून गेटकडे पाहिलं.

"पण दर सात पॉइंटला बाजू बदलते ना, बाबा. मग गेटकडे पाठ व्हायची. तेव्हा वाटायचं, आता तुम्ही आला असाल."