कर्णिकांच्या घरी गाडी चार्ज होईना

चार्जरवरचा दिवा पुन्हा लाल झाला, तेव्हा कर्णिक बाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही उगाच उन्हात बसलाय. ह्यांना ती गाडी नकोय."

मी त्यांच्या मुलाकडे, निशिकांतकडे पाहिलं. तो कुंपणाकडे बघायला लागला. 'हे' म्हणजे बाईंचे यजमान, एवढं मला कळलं. ते वर्षापूर्वी वारलेत, हे मी पाणी प्यायला आत गेले तेव्हा भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोवरून कळलं.

मी इलेक्ट्रिकल इंजिनीअर. घोडबंदर रोडला आमचं छोटं ऑफिस आहे. इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांच्या घरी आम्ही चार्जर बसवून देतो. बसवण्याआधी घरातल्या वायरिंगला तो झेपेल का, हे बघून सही करणं हे माझं काम. त्याला साइट सर्व्हे म्हणतात. एरवी कंटाळवाणा प्रकार असतो. मीटर बघायचा, बोर्ड उघडायचा, आधीच्या वायरमनला मनातल्या मनात शिव्या घालायच्या आणि रिपोर्ट लिहायचा.

कर्णिकांचं घर ठाकुर्लीला. बैठं, जुनं, पण नीट राखलेलं. तिन्ही बाजूंना टॉवर उठलेत, त्यामुळे अंगणात दुपारचा तासभर सोडला तर ऊन येत नाही. निशिकांतने शोरूममधून ती महागडी इलेक्ट्रिक गाडी, साध्या सॉकेटला लावायच्या चार्जरसकट, ट्रायलला घरी आणली होती. नव्या पेव्हर ब्लॉकवर ती उभी होती, काळी, काचा काळ्या, चालू आहे की बंद तेही कळू नये अशी. मला या गाड्यांचं कौतुक आहे, पण त्यांच्या शेजारी एकटं उभं राहायला मला आवडत नाही. हे मी ऑफिसात कधी बोललेले नाही.

निशिकांत आयटीतला माणूस, गेले कित्येक महिने याच हिशेबात अडकलेला. मी बोर्ड उघडत होते आणि तो मागे उभा राहून सांगत होता.

"माणकोलीच्या पुलावरून रोज घोडबंदरला जातो, मॅडम. ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास अडकायचं, तर निदान पेट्रोल तरी जळायला नको. पण विकायला गेलो की किंमत येत नाही म्हणतात. बॅटरी गेली की संपलं. खाली घासते, पाणी साचलं की भीती. सर्व्हिसला ठाण्याला न्यायची. पण आवाज नाही, धक्का नाही. आईची पाठ दुखते, तिला दापोलीला न्यायचं म्हणून खरं तर एवढी मोठी घेतोय. तुम्ही असतात तर घेतली असती?"

"मी रिक्षाने आलेय," मी म्हटलं.

बोर्ड बघून माझं डोकं फिरलं. घरात अर्थिंगच नव्हतं. अर्थिंग म्हणजे काय, तर कुठल्याही उपकरणातून थोडी वीज चुकून झिरपू शकते. तिला मुकाट जमिनीत जाता यावं म्हणून एक वेगळी वायर दिलेली असते. ती वायर तुटलेली असली, तर झिरपलेली वीज पत्र्यावर, नळावर, पाइपावर वाट बघत बसते. मग जो हात लावील त्याच्या अंगातून ती जमिनीत जाते. फ्रीज किंवा गीझर कधी विचारत नाही की बाबा अर्थिंग आहे का. ही गाडी विचारते. नसेल तर लाल दिवा लावते आणि हट्टी मुलासारखी तोंड मिटून बसते.

मी शोरूमला फोन लावला. तिथला एक्झिक्युटिव्ह म्हणाला, "मॅडम, टेन्शन नका घेऊ. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थला एक लूप मारून द्या ना. लगेच ग्रीन येतो. सगळे तेच करतात."

न्यूट्रल ही वीज परत नेणारी वायर; ती अर्थशी जोडली की गाडीला अर्थिंग असल्याचं वाटतं. "म्हणजे गाडीला खोटं सांगायचं," मी म्हटलं.

"कस्टमर हातचा जाईल, मॅडम."

"गेला तर जाऊ दे. पुढे कधी न्यूट्रल तुटली, तर गाडीच्या पत्र्यात वीज उतरेल आणि तिच्या दाराला हात लावणारा माणूसच जाईल."

त्याने फोन ठेवला आणि लगेच आमच्या साहेबांना लावला असणार, कारण लागलीच साहेबांचा आला. "पेडणेकर, भांडताय कशाला? अर्थिंग नाही तर नवीन करून द्या आणि निघा." तेही बरोबरच होतं. मी सामान आवरायला घेतलं.

तेवढ्यात कर्णिक बाई म्हणाल्या, "चहा घेऊन जा. सहापर्यंत थांबलात तर त्यांचीही भेट होईल."

ऑफिसातून यायच्या माणसाबद्दल बोलावं, तसं त्या म्हणाल्या. माझ्या हातातला टेस्टर तसाच राहिला.

निशिकांतने मला बाजूला घेतलं. "सॉरी, मॅडम. वर्षभर चाललंय हे. बाबांना कंपवात होता. शेवटी शेवटी हात इतका थरथरायचा की आई रोज संध्याकाळी तो धरून बसायची. आता म्हणते ते मागच्या नळावर येतात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. गाडी दारात आली आणि चार्ज होईना, तेव्हापासून तर ती ठामच आहे. मला तर वाटायला लागलंय, नकोच ती गाडी. आईच हातची गेली तर दापोलीला कोणाला नेऊ?"

मी थांबले. कुतूहल म्हणा, किंवा त्याच्या चेहऱ्याकडे बघून म्हणा. दुपारी सर्व्हेत त्या नळालाही मी स्वतः वीज मोजायचा मीटर लावला होता. काहीही नव्हतं तिथे.

सहा वाजता महापालिकेचं पाणी आलं. घरामागे दोन टॉवरच्या मधली चिंचोळी जागा, त्यात धुण्याचा दगड, भिंतीतून आलेला पितळी नळ. तिथे तेव्हाच अंधारून आलं होतं. बाईंनी स्वयंपाकघराच्या दाराशी असलेलं बटण दाबलं आणि खालच्या टाकीतलं पाणी वर चढवणारा पंप घुमायला लागला. मग त्यांनी चपला काढल्या, नीट जोडून बाजूला ठेवल्या आणि अनवाणी त्या ओल्या दगडावर चढल्या. नळावर त्यांनी हाताची मागची बाजू टेकवली, तापलेल्या मुलाच्या कपाळावर टेकवतात तशी. त्यांचा चेहरा इतका निवला की माझ्या अंगावर काटा आला.

"आले," त्या म्हणाल्या.

मी दोन पावलं जवळ गेले.

"चपला घालून कळत नाही. काढल्या की स्पष्ट कळतं." वर्गात सांगावं तसं त्या सांगत होत्या. "मी आयुष्यभर गणित शिकवलंय. बुवा, गंडेदोरे, अंगात येणं, मला काही पटत नाही. पण हा हात मी ओळखते. बघा तुम्ही."

त्यांनी नळावरचा हात काढून दुसऱ्या, ओल्या हाताने माझं मनगट धरलं आणि माझी बोटं नळावर ठेवली.

नळ थरथरत होता. थंड, बारीक, न थांबणारी थरथर. खरं सांगते, इतकी वर्षं विजेत काढली, पण पहिल्या क्षणी मला वीज आठवली नाही. म्हाताऱ्या माणसाची बोटंच आठवली. कोणीतरी माझा हात धरलाय आणि त्याला तो सोडवत नाहीये, असं वाटलं. मग मागून पंपाचा आवाज कानात शिरला, आणि चपलांचं वाक्य डोक्यात शिरलं. माझे बूट रबरी होते. ती थरथर माझ्यातून बाईंच्या हातात आणि बाईंच्या अनवाणी पायांतून दगडात जात होती.

मी हात मागे ओढला, बाईंना दंडाला धरून खाली खेचलं आणि निशिकांतला ओरडून सांगितलं, "पंप बंद करा."

पंप थांबला. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही ओरडलात," त्या म्हणाल्या. "गेले ते."

पुढचं काम सोपं होतं. जमिनीत एक सळई ठोकली, मीटरची एक वायर तिला आणि दुसरी नळाला लावली. बाईंना लांब, चपला घालून उभं केलं. पंप चालू केल्यावर मीटरचा आकडा चढत शंभर व्होल्टच्या वर गेला. बंद केल्यावर शून्य. पंपाच्या आतल्या वायरीचं आवरण सडलं होतं. त्यातून वीज झिरपत होती आणि लोखंडी पाइपातून नळापर्यंत येत होती. आवरण थोडं शिल्लक होतं म्हणून नुसती थरथर. ज्या दिवशी ते पूर्ण गेलं असतं, त्या दिवशी बाई त्या दगडावरून उतरल्या नसत्या. वर्षभर रोज संध्याकाळी त्या अनवाणी, ओल्या दगडावर, स्वतः बटण दाबून यजमानांना भेटायला जात होत्या. मी पायरीवर बसले. मला एवढी भीती कुठल्याही सबस्टेशनमध्ये वाटलेली नाही.

"आणि मी तिला गोळ्या देत होतो," निशिकांत म्हणाला.

पण अर्थिंगची वायर गेली कुठे, हे राहिलंच होतं. जुन्या घरात ती असणारच. बोर्डापासून शोधत गेले, तर ती भिंतीवरून उतरून पुढच्या अंगणात, बरोबर त्या काळ्या गाडीच्या खाली पेव्हर ब्लॉकमध्ये शिरत होती.

"इथे काय होतं?" मी विचारलं.

निशिकांतला आठवायला वेळ लागला. "काही नाही. बाबांचा एक पाइप होता, जमिनीतून वर आलेला. रोज संध्याकाळी त्यात बादलीभर पाणी ओतायचे. झाड नाही, काही नाही. हात थरथरायचे म्हणून निम्मं बाहेर सांडायचं. आम्ही हसायचो त्यांना. ते गेल्यावर गाडीसाठी अंगण करून घेतलं, तेव्हा मीच तो कापायला लावला."

जुन्या पद्धतीत खड्डा खणून धातूची पट्टी पुरतात आणि भोवती मीठ-कोळसा भरतात. तो खड्डा ओला राहिला तरच वीज जमिनीत जाते, म्हणून पाणी ओतायला वर पाइप ठेवतात. पंप बहुतेक कित्येक वर्षं झिरपत होता. म्हातारबुवा रोज त्या थरथरत्या हाताने बादली ओतत होते, आणि ती सगळी वीज कोणाला न कळता मातीत जिरत होती.

हे मी बाईंना समजावून सांगितलं. मीटर दाखवला, पंप दाखवला, कापलेली वायर दाखवली. गणिताच्या बाई त्या, एकही पायरी त्यांनी सोडू दिली नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे ते होते तोवर हे नव्हतं. ते गेले म्हणून सुरू झालं."

"हो, बाई."

"मग मी तरी वेगळं काय म्हणत होते?"

मी मीटरच्या वायरी गुंडाळायला घेतल्या.

आमच्या वायरमनने गाडी हलवून पेव्हर उचकटले. नवा पंप आला, आणि वीज कुठे झिरपली तर घराचा सप्लाय आपोआप तोडणारा ईएलसीबी बोर्डात बसला. साहेबांचा फोन आला. "आता केमिकल अर्थिंग मिळतं, ना पाणी ना कटकट. तुम्ही मीठ-कोळशाचा खड्डा का मागवलाय?"

"साइटची गरज आहे, सर," मी म्हटलं.

चार्जरचा दिवा हिरवा झाला, तेव्हा बाई मागे गेल्या. मी पंप चालू केला. त्यांनी चपला काढल्या आणि हात नळावर टेकवला. दुसराही टेकवून पाहिला. मग म्हणाल्या, "काही नाही," आणि तिथेच, दगडावर बसून रडल्या. मी एका बाईचा जीव वाचवला होता आणि मला चोरी करताना पकडल्यासारखं वाटत होतं. थोड्या वेळाने मी त्यांच्या हातात बादली दिली. पुढच्या पाइपात रोज संध्याकाळी ओतायची, चुकवायचं नाही, असं सांगितलं.

निशिकांतने गाडी घेतली. दापोलीलाही जाऊन आले. बाईंची तक्रार एवढीच की आत बसलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो.

वर्षाने तपासणीला गेले. खड्डा उत्तम, आकडे पुस्तकात दाखवावेत असे. फक्त पाइपाभोवतीचे पेव्हर हातभर ओले होते, शेवाळं धरलेलं. बाईंनी आता मला अगं-तुगं करायला सुरुवात केली होती. काठोकाठ भरलेला चहाचा कप त्या उंबरा ओलांडून घेऊन आल्या, बशीत थेंब नाही. मी विचारलं, "बाई, मग पाणी एवढं कसं सांडतं?"

"अगं, एरवी माझा हात हलत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "तिथे बादली धरली की थरथरतो."

मी मीटर काढला. पाइपाला लावला, बादलीच्या कडीला लावला, शेवटी त्या पाणी ओतत असताना त्यांच्या मनगटाला लावला. बादली थरथरत होती, निम्मं पाणी पेव्हरवर जात होतं. मीटरवर शून्य होतं.

लोक मला विचारतात, एवढी महाग इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का? फायदे-तोटे तुम्हाला शोरूमवाले सांगतीलच. मी एवढंच सांगते, की घरात ती एकच वस्तू अशी येते जी अर्थिंग आहे का ते विचारते, आणि ती नाही म्हणाली तर तिच्यावर चिडू नका, आधी पंप चालू करून नळाला मीटर लावा. मीटर दाखवेल तेवढंच मी रिपोर्टमध्ये लिहिते. कर्णिकांच्या रिपोर्टमध्ये 'सर्व ठीक' असं लिहिलं आणि सही केली.