गेटवर न दिलेलं नाव

हे मी आईला कधी सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. आई तर गेलीच आता. तुम्हाला सांगतेय — का, ते नका विचारू. एकदा तोंडातून बाहेर पडू दे, बस.

बाबा सौदीत, धाहरानला तेल कंपनीत इंजिनिअर होते. तेलाच्या तेजीचे दिवस. आम्ही कंपनीच्या कॅम्पात राहायचो — आत हिरवळ आणि गोऱ्यांची घरं, कुंपणाबाहेर वाळू. तिथे अमेरिकन मुलींचा लॅक्रॉसचा क्लब होता. लांब काठी, टोकाला जाळी. जाळीत चेंडू झेलायचा आणि पळत सुटायचं. मायदेशी परतणाऱ्या एका कुटुंबानं सामान विकायला काढलं, तेव्हा बाबांनी मला तसली एक जुनी काठी आणली.

काठी माझी, पण खेळ नसीमाचा. नसीमा माझ्या वर्गातली, मूळची रत्नागिरीकडची. तिचे अब्बा, हसनचाचा, गॅरेजात मेकॅनिक. ती मंडळी कॅम्पाबाहेर राहायची. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चाचा तिला आमच्याकडे सोडायचे. आल्या आल्या "मावशी, काय केलंय?" म्हणत ती स्वयंपाकघरात शिरायची, दोन घावणे खायची आणि मग अंगणात माझा घाम काढायची. माझा हात घसरतो म्हणून गॅरेजातली काळी टेप आणून तिनं काठीला गुंडाळली. "आता सुटली ना, तर बघ," म्हणाली. फार जीव लावायची हो.

एका शुक्रवारी क्लबच्या कोचबाईंनी आम्हाला खेळताना पाहिलं. टीममध्ये जागा एकच होती. पुढच्या शुक्रवारी दोघी चाचणीला या म्हणाल्या, बाहेरची मुलगी असली तरी चालेल.

आता इथे अडखळतेय मी. बाहेरच्या माणसाला कॅम्पात यायचं, तर आतल्यानं आधी गेटवर फोन करून नाव द्यावं लागे. आई इंग्रजीला बुजायची, म्हणून नसीमासाठीचा तो फोन दर शुक्रवारी मीच करायचे. मिनिटाचं काम. त्या सकाळी मी रिसीव्हर उचलला — आणि ठेवला. विसरले का? छे. तीनदा उचलला, तीनदा ठेवला. ती आली तर जागा तिचीच, हे मला ठाऊक होतं. आईनं विचारलं, "नाव दिलंस ना गं?" मी म्हटलं, "हो."

लेकीचा खेळ बघायला हसनचाचांनी त्या दिवशी मुद्दाम पाळी बदलून घेतली होती. बापलेक तासभर गेटबाहेर उन्हात उभे. गार्ड म्हणे, यादीत नाव नाही, खलास. त्यानं आमच्या घरी फोनही लावून पाहिला, पण आम्ही सगळे मैदानावर. मी तिनं गुंडाळलेली टेप मुठीत घट्ट धरून खेळत होते. निवडलीही गेले.

शनिवारी शाळेत मी तिला सांगितलं — नाव दिलं होतं गं, गार्डनं घोळ घातला. तिनं लगेच मानलं. वर माझीच समजूत काढली, "तू कशाला रडतेस, वेडे?" मी खरंच रडत होते. कुणासाठी, सांगा ना? बाबांनी त्या गार्डची तक्रार केली, तेव्हाही मी गप्पच.

मध्यंतरी नसीमाच्या मुलीचं लग्न झालं, गावी. मला हाताला धरून ती पाहुण्या बायकांना सांगत फिरत होती, "ही गोऱ्या पोरींच्या टीमात खेळायची. मीच शिकवलंय हिला." मग हसून म्हणाली, "त्या गार्डनं घोळ घातला, नायतर मी पण असते."

बाजूच्या खुर्चीत हसनचाचा होते. खूप थकलेत आता. हळूच म्हणाले, "गार्डचा काय दोष? मलाच अरबीचे चार शब्द धड येत नव्हते. नीट बोललो असतो, तर पोरीला आत नेलं असतं."

इतकी वर्षं हे मनात धरून होते चाचा. मी त्यांच्या समोरच उभी होते, हातात सरबताचा ग्लास. सरबत तेवढं संपवलं.

नाव मी दिलंच नव्हतं.