टाकी गुजरातमध्येच भरायची

सोनगीरच्या पंपावर आता मी डिझेल भरत नाही. ट्रकमालक शेठचा हुकूम आहे. सुरतेहून कापडाच्या गाठी घेऊन निघालं की नवापूरची हद्द लागायच्या आत, गुजरातमध्येच टाकी गच्च करायची. इंदूरला जाऊन यायला ती पुरते. महाराष्ट्रात थेंबही घ्यायचा नाही, कारण इथं कर जास्त, म्हणून दर चढा. हे मला कळतं, मी काही अडाणी नाही. पण डोकं फिरायचं ते फिरतंच.

सोनगीर माझं गाव, धुळ्याच्या पुढं, इंदूरच्या वाटेवर. पूर्वी टाकी तिथं भरायचो, तेव्हा माझे वडील, आबा, डबा घेऊन पंपावर येऊन बसायचे. डिझेल भरून झालं की गाडी बाजूला लावून आम्ही दोघं तिच्या सावलीत जेवायचो. फेरीतून एवढंच काय ते घर माझ्या वाट्याला यायचं. शेठनं धुळ्यात पंख्याखाली बसून एका फोनवर ते काढून घेतलं, आणि आपण काय काढून घेतलं हे त्याच्या गावीही नाही!

आबांना समजावलं, तर म्हणाले, "डिझेल तठे स्वस्त शे, त्यात मना काय गुन्हा?" खरंच, डिझेल तिथं स्वस्त आहे, त्यात त्यांचा काय गुन्हा?

बरं, नुसतं भेटायला थांबावं, तर गाडीला जीपीएस. चाक जरा थांबलं की शेठचा फोन, "का थांबला रे? डिझेल विकायला लागला की काय?" इतकी वर्षं इमानानं गाडी हाकून हे ऐकायचं. शेवटी मीच आबांना सांगितलं, येत जाऊ नका.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी ते तरीही आले. पंपाच्या पुढं रस्त्याच्या कडेला डबा घेऊन उभे. मी गाडी कडेला घेतली, वेग पार कमी केला, पण थांबवली नाही. आबा डाव्या खिडकीशी चालू लागले, मग पळू लागले. सत्तरी ओलांडलेला माणूस, एका हातानं धोतर सावरत, दुसऱ्यानं डबा वर धरून.

"थांब ना भाऊ, दोन घास खाई ले!"

मी वाकून हात लांबवला, पुरला नाही. आरशात पाहिलं तर ते गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होते आणि भाकरी डांबरावर पडली होती.

त्या दिवशी शेठचा फोन आलाच नाही. गाडी थांबलीच कुठं होती! सरकारला आणि शेठला मी आजही पोटभर शिव्या घालतो. पण ब्रेक माझ्या पायाखाली होता. बापाला रस्त्यावर पळवलं ते मी.