आधी दादा, मग मी

वलगावात कॉलऱ्याची साथ आली तेव्हा शाळेतली बाकं बाहेर काढली आणि वर्गात रोगी निजवले. अमरावतीहून एक तरुण डॉक्टर आले. दादा, माझा मोठा भाऊ, अगदी सुरुवातीलाच सापडला. सकाळी वखर घेऊन वावरात गेलेला धट्टाकट्टा पोरगा दुपारी चौघांनी उचलून आणला.

सलाईनच्या बाटल्या मोजक्या होत्या. त्याच्यापर्यंत एकही आली नाही. पोटात काही ठरत नाही, तेव्हा पाणी पाजू नका, नुसते ओठ ओले करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. गावातली जुनी माणसंही तेच म्हणत होती.

"माय, घोटभर दे वं," दादा म्हणायचा.

"डॉक्टर नाई म्हणते, बापू. दम धर."

ती ओला फडका त्याच्या ओठांवरून फिरवायची. पाण्याचा पितळी गुंड तिनं त्याच्या नजरेआड नेऊन ठेवला. संध्याकाळी त्यानं मागणं बंद केलं. बाबा अकोल्याला कापसाच्या जिनात कामाला होते. ते पोचेस्तोवर सगळं आटोपलं होतं. मी रडले नाही. मला भूक लागली होती, एवढंच आठवतं, आणि त्याचा अजून राग येतो.

साथ सरत आली तेव्हा मी पडले. डॉक्टर तेच, पण दाढी वाढलेली, आवाज बसलेला. आता सलाईनच्या पेट्याच्या पेट्या आल्या होत्या. माझ्या हाताची शीर मिळेना तर त्यांनी पायाची शोधली. मग मायला म्हणाले, "मीठ-साखरेचं पाणी पाजा. ओकली तरी पाजत राहा."

"पाणी? तुमीच तं नाई म्हटलं होतं."

डॉक्टरांनी माझ्या पायातली सुई नीट चिकटवली. "चोरून पाणी प्यायलेले बरेच रोगी वाचले, बाई. ते पाहूनच आम्हाला कळलं. तेव्हा माहीत नव्हतं."

 माय भांडली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. तिनं चमचा घेतला आणि मला पाजायला बसली. मी नको म्हटलं, तोंड फिरवलं, तिच्या लुगड्यावर ओकले. तिचा हात थांबला नाही.

मी उठून हिंडू-फिरू लागले. शेजारच्या बायका यायच्या, म्हणायच्या, पोरीले तूच वाचवलं.

"म्या काय केलं वं?" माय म्हणायची. "दोघायलेबी डॉक्टरनं सांगतलं तसंच केलं."